गाठीत वाढलेला आरएनए दोषी ठरवण्याआधी

कर्करोगाच्या संशोधनात गेल्या पंधरा वर्षांत एकाच साच्याच्या शोधनिबंधांचा पूर आला आहे. अवयव बदलतो, रेणूचे नाव बदलते, बाकी सगळे तेच असते. अमुक लांब नॉनकोडिंग आरएनए तमुक गाठीत वाढलेला आढळला. तो कमी केल्यावर प्लेटमधल्या पेशींची वाढ मंदावली. तो एका मायक्रोआरएनएला, म्हणजे जनुके दाबणाऱ्या छोट्या आरएनएला, स्पंजासारखा शोषून घेतो. म्हणून तो निदानासाठी उपयोगी खूण आहे आणि उपचाराचे लक्ष्यही आहे. असे निबंध हजारोंनी आहेत. या जातीच्या रेणूंवर थेट नेम धरणारे मंजूर कर्करोग-औषध मात्र अजून एकही नाही, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मंजुरीपर्यंत पोहोचलेली ठळक चाचणी म्हणून पुन्हा पुन्हा पीसीए-३ हे एकच नाव घ्यावे लागते.

यावरून हे रेणू निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अडचण वेगळी आहे. 'हा रेणू रोगाची खूण आहे का' आणि 'हा रेणू रोग घडवतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची परीक्षाही वेगळी आहे. आपण ते एकत्र कालवतो. आणि सार्वजनिक पैसा या दोन्हींपैकी एकाचेही उत्तर मागत नाही, तो निबंधांची संख्या मागतो. हे बदलायला हवे.

आधी विषयाची ओळख. मानवी जीनोममध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्या आहेत. प्रथिनांची कृती सांगणारा भाग त्यात दोन टक्क्यांच्या आत भरतो. उरलेल्या भागाच्याही मोठ्या हिश्शावरून आरएनए या रेणूच्या रूपात नकला उतरतात. त्यांतल्या २०० न्यूक्लिओटाइडांपेक्षा (अक्षरांपेक्षा) लांब आणि प्रथिन न बनवणाऱ्या नकलांना लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. पुढे नुसते लांब आरएनए म्हणू. २०० हा आकडा निसर्गाचा नव्हे. लहान आरएनए वेगळे काढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धतींच्या सोयीने तो ठरला, आणि २०२३ मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांनी तो ५०० करावा असे सुचवले. म्हणजे व्याख्या 'काय नाही' यावर उभी आहे. प्रथिन बनवत नाही, एवढ्याच साम्यावर हजारो असंबद्ध रेणू एका पिशवीत आले आहेत. एक्स गुणसूत्र बंद करणारा झिस्ट त्यात आहे आणि शेजारच्या जनुकाचा दरवाजा उघडताना सहज उतरलेली, लगेच तुटून जाणारी नक्कलही त्यातच आहे. 'लांब आरएनए कर्करोगात महत्त्वाचे आहेत' हे विधान म्हणूनच फारसे काही सांगत नाही. कोणता रेणू, कोणत्या पेशीत, काय करतो हे एकेकट्याने सिद्ध करावे लागते.

खूण म्हणून सिद्ध झालेल्या रेणूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९९ मध्ये प्रोस्टेटच्या गाठींतून पीसीए-३ हा आरएनए सापडला, तेव्हा त्याला डीडी-३ म्हणत. तपासलेल्या ५६ पैकी ५३ गाठींत तो शेजारच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. तिथून चाचणी मंजूर व्हायला २०१२ साल उजाडले. या तेरा वर्षांत काय झाले, ते महत्त्वाचे. नमुना लघवीचा घ्यायचे ठरले. पण साधी लघवी चालत नाही. आधी डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतो, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा दाब देतो, म्हणजे ग्रंथीतल्या पेशी मूत्रमार्गात उतरतात. त्यानंतरच्या लघवीची पहिली धार गोळा करायची. ती लगेच टिकाऊ द्रवाच्या नळीत मिसळता आली नाही, तर थंड ठेवून चार तासांच्या आत मिसळायची. मोजमापही नुसत्या पीसीए-३चे नाही. नमुन्यात प्रोस्टेटच्या पेशी किती आल्या हे प्रत्येक वेळी बदलते, म्हणून त्याच नळीत पीएसए या प्रोस्टेटच्या पेशींत बनणाऱ्या प्रथिनाचा आरएनए मोजायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे आणि हजाराने गुणायचे. उत्तर २५च्या खाली आले तर पुन्हा बायोप्सीत कर्करोग सापडण्याची शक्यता कमी. वापराची चौकट तर फारच अरुंद: पन्नाशी ओलांडलेला पुरुष, आधीची बायोप्सी निर्दोष, तरीही डॉक्टरला शंका. अर्बुद किती आक्रमक आहे हे सांगण्यात ही चाचणी कमजोर आहे, आणि आता एमआरआयमुळे तिची गरजही घटली आहे.

पीसीए-३ पेशीत नेमके काय करतो, हे मंजुरीच्या वेळी कुणालाही ठाऊक नव्हते. त्याच्या कार्याबद्दलचा ठळक दावा २०१५ मध्ये आला, आणि त्यावरही वाद झाला. चाचणीला त्याने काहीच फरक पडला नाही. खुणेला कारण असावे लागत नाही. तिला लागते ती नमुना घेण्याची काटेकोर रीत, भाजक, आधीच ठरवलेली मर्यादारेषा आणि नव्या रुग्णांत पडताळा. 'संभाव्य खूण' म्हणून दरवर्षी जाहीर होणाऱ्या रेणूंपैकी किती जणांसाठी कुणी ही चाकोरी पुरी केली? चाळीस गाठी, चाळीस शेजारचे तुकडे, एक आलेख, आणि तिथेच काम थांबते.

आता दुसरा प्रश्न, कारणाचा. इथे सर्वांत शिकवणारे उदाहरण मॅलॅट-१ हे आहे. २००३ मध्ये जर्मनीतल्या गटाला तो फुप्फुसाच्या कर्करोगात, पुढे पसरणाऱ्या गाठींत सापडला. त्याच्या नावातच मेटास्टॅसिस आहे. हा रेणू दुर्मीळ नाही, पेशीच्या केंद्रकात त्याच्या हजारो प्रती असतात. २०१२ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी तो नसलेले उंदीर तयार केले. उंदीर धडधाकट जन्मले, वाढले. पुढच्या वर्षी मानवी फुप्फुस-कर्करोगाच्या पेशींतून तो काढल्यावर त्यांची पसरण्याची क्षमता घटल्याचे दिसले. २०१६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत मॅलॅट-१ कमी केल्यावर फुप्फुसात पसरलेल्या गाठी कमी झाल्या. मग २०१८ मध्ये त्याच जातीच्या कर्करोग-उंदरांत दुसऱ्या गटाने अगदी उलटे दाखवले: मॅलॅट-१ बंद केल्यावर प्रसार वाढला, आणि रेणू परत दिल्यावर तो आटोक्यात आला.

दोन्ही प्रयोग चांगल्या प्रयोगशाळांचे होते. मग फरक कुठे? २०१८च्या गटाने जनुकाचा मोठा तुकडा कापून काढला नाही. नक्कल उतरणे मध्येच थांबवणारी खूण त्यांनी सुरुवातीला घातली आणि शेजारच्या जनुकांना धक्का लागला नाही ना हे तपासले. डीएनएचा तुकडा कापला की आरएनए जातो, पण त्या तुकड्यावर बसलेले, शेजारच्या जनुकांना चालू-बंद करणारे खटकेही जातात. प्रत्येक परिणाम मग आरएनएच्या नावावर चढतो. अँटिसेन्स औषधाने, म्हणजे आरएनएला चिकटणाऱ्या कृत्रिम तुकड्याने, रेणू तोडणे, जनुक कापणे आणि नक्कल थांबवणे या तीन वेगळ्या कृती आहेत. त्यांची उत्तरे जुळली तरच रेणूबद्दल बोलता येते. या वादाचा निकाल कसाही लागो, एकाच रेणूला पंधरा वर्षे गुन्हेगार ठरवून मग संरक्षक म्हणावे लागणे ही या क्षेत्राने गंभीरपणे घ्यावी अशी घटना आहे. त्या पंधरा वर्षांत मॅलॅट-१ 'अमुक कर्करोग वाढवतो' असे सांगणारे निबंध किती आले, हे पाहिले की धास्ती वाटते.

पीव्हीटी-१ची हकीकत याहून बोलकी आहे. आठव्या गुणसूत्रावर, मिक या कुप्रसिद्ध कर्क-जनुकाच्या शेजारी त्याचे घर आहे. २०१४ मध्ये दिसले की ज्या गाठींत मिकच्या प्रती वाढतात त्यांतल्या ९८ टक्क्यांत पीव्हीटी-१च्याही वाढतात. शेजारी एकत्र सापडले म्हणून दोघे साथीदार, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि आरएनए मिक प्रथिनाला टिकवतो असा पुरावाही दिला गेला. २०१८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने पीव्हीटी-१चा प्रमोटर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते ती जागा, बंद केली. स्तन-कर्करोगाच्या पेशी त्यामुळे जोमाने वाढल्या. जवळच्या वर्धक डीएनए-तुकड्यांसाठी मिक आणि पीव्हीटी-१ यांच्या प्रमोटरांत चढाओढ असते. पीव्हीटी-१चा प्रमोटर गेला की सगळा जोर मिकला मिळतो. या परिणामाला आरएनएची गरजच नव्हती. एकाच पत्त्यावर उत्तेजक आरएनए आणि संयम राखणारा डीएनए, दोन्ही नांदू शकतात. 'पीव्हीटी-१ वाढला आहे' एवढ्यावरून त्याच्यावर औषध शोधायला निघणे किती धोक्याचे, ते यावरून कळावे.

किती ठिकाणी हा धोका आहे, याचाही अंदाज उपलब्ध आहे. २०१७ मधल्या एका विश्लेषणात सुमारे १६ हजार लांब आरएनएच्या जागा तपासल्या, तेव्हा शेजाऱ्याला धक्का न लावता क्रिस्पर हे डीएनए कापण्याचे तंत्र वापरता येईल अशा जागा ३८ टक्केच निघाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गटाने सात प्रकारच्या पेशींत १६,४०१ जागा एकामागून एक मंद करून पाहिल्या. ४९९ जागांचा पेशींच्या वाढीवर परिणाम दिसला, आणि त्यांतल्या ८९ टक्के जागा एकाच प्रकारच्या पेशीत महत्त्वाच्या ठरल्या, बाकीच्यांत नाहीत. मला या आकड्यांत निराशा दिसत नाही. जो रेणू एकाच प्रकारच्या पेशीला हवा असतो, त्यावरचे औषध बाकीच्या शरीराला कमी बाधेल. मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगातला सॅमसन हा आरएनए तसा आहे: २०१६ मध्ये बेल्जियममधल्या गटाने दाखवले की ९० टक्क्यांहून अधिक मेलॅनोमांत तो असतो, निरोगी प्रौढ रंगपेशींत नसतो, आणि अँटिसेन्स रेणूंनी तो दाबल्यावर रुग्णांच्या गाठी वाढवलेल्या उंदरांत अर्बुदे खुंटतात. आशा आहे, पण ती अशा एकेका रेणूच्या चिकाटीच्या कामात आहे.

स्पंजाच्या कल्पनेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण साच्यातला सर्वांत लोकप्रिय भाग तोच. २०११ मध्ये ही कल्पना मांडली गेली: लांब आरएनएवर मायक्रोआरएनएला चिकटणाऱ्या जागा असतात, तो त्यांना अडकवून ठेवतो, म्हणून त्यांचे लक्ष्य असलेली जनुके मोकळी सुटतात. ऐकायला सुरेख आहे. पण हिशेब करून पाहा. यकृताच्या पेशींत मायक्रोआरएनए-१२२वर २०१४ मध्ये केलेल्या मोजणीत, प्रत्येक पेशीत दीड लाखाहून जास्त नव्या जागा घातल्यावर कुठे लक्ष्य-जनुके सुटू लागली. बहुतेक लांब आरएनएच्या पेशीत पन्नाससुद्धा प्रती नसतात. ओंजळीने विहीर उपसावी तसे हे आहे. ल्युसिफरेजच्या, म्हणजे पेशींतल्या प्रकाशाच्या मोजणीवर चालणाऱ्या, प्रयोगात मात्र स्पंज नेहमी चालतो, कारण तिथे दोन्ही रेणू प्लाझ्मिडमधून (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या कड्यांतून) प्रचंड प्रमाणात घातलेले असतात. स्पंजाचा दावा करणाऱ्या प्रत्येक निबंधात 'दर पेशीत किती प्रती' हे दोन्ही रेणूंसाठी लिहिलेले असावे. ते नसेल तर परीक्षकाने निबंध परत पाठवावा. केंद्रकात राहणारा आरएनए पेशीद्रवातल्या मायक्रोआरएनएला शोषतो असा दावा असेल, तर आधी रेणू कुठे आहे हे फिशने, म्हणजे पेशीतच आरएनएला चमकणारी खूण लावून, दाखवायला सांगावे.

प्रयोगशाळेच्या टेबलावर काय बिघडते, तेही इथेच सांगितले पाहिजे, कारण बहुतेक खोट्या शोधांमागे लबाडी नसते, घाई असते. मॅलॅट-१सारख्या अनेक लांब आरएनएत इंट्रॉन, म्हणजे नकलेतून कापून टाकला जाणारा मधला भाग, जवळपास नसतो. प्रायमर, म्हणजे मोजणी सुरू करणारे छोटे तुकडे, दोन एक्झॉनांच्या (कापणीनंतर उरणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसवता येत नाहीत, त्यामुळे नमुन्यात राहिलेला जीनोमिक डीएनएसुद्धा आरएनए म्हणून मोजला जातो. डीएनए तोडणारे डीएनएज दिले पाहिजे आणि आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी शेजारी चालवली पाहिजे. कमी प्रतींच्या रेणूची सीटी, म्हणजे यंत्राला तो दिसेपर्यंत लागणाऱ्या दुपटीच्या फेऱ्या, ३४-३५ येते. तिथे एका सीटीचा फरक म्हणजे दुप्पट, आणि त्या पातळीवर एक सीटी नुसत्या पिपेटच्या हेलकाव्यानेही सरकते. भाजक म्हणून एकटा जीएपीडीएच घेतला जातो. तो ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवरचा एन्झाइम आहे, आणि अर्बुदात ती वाटच बदललेली असते. निदान तीन स्थिर जनुके आधी तपासून घ्यावीत. मॅलॅट-१ला नेहमीची पॉली-ए (ए अक्षरांची) शेपटी नसते, त्याच्या टोकाला आरएनएची तिपेडी घडी असते. म्हणून पॉली-ए धरून बनवलेल्या लायब्ररीत (क्रम वाचण्यासाठी तयार केलेल्या संचात) अशा रेणूंची मोजणी चुकू शकते. दोन्ही धाग्यांवरून नकला उतरणाऱ्या जागी धागा-निहाय लायब्ररी नसेल तर कोणती नक्कल मोजली तेच कळत नाही. केंद्रकातल्या रेणूवर साधा एसआयआरएनए (लक्ष्य-आरएनए तोडायला लावणारा छोटा आरएनए) नीट चालत नाही, आरएनएज-एच हे आरएनए तोडणारे एन्झाइम बोलावणारे गॅपमर नावाचे अँटिसेन्स तुकडे लागतात. तेही दोन वेगळ्या जागांवरचे, आणि मूळ रेणू परत दिल्यावर परिणाम उलटतो हे दाखवायलाच हवे.

आणि पेशी नेमक्या कोणत्या? मुखाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या केबी पेशी मुळात हिला आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. स्वरयंत्राच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हेप-२ही तशाच. जिथे पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, त्या आपल्या देशात ही चूक विशेष महाग पडते. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. पण आणलेली कुपी तीन वर्षे वाटून, गोठवून, पुन्हा उघडून वापरल्यावर ती तीच राहिली आहे का, याची एसटीआर चाचणी, म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख पटवणे, ज्याने त्याने करायची असते. तिचा अहवाल प्रबंधाला जोडणे बंधनकारक का नसावे?

संगणकावर होणाऱ्या निबंधांचे दुखणे वेगळे. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांतल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती खुली केली, हे फार मोठे काम झाले. पण त्यातून एक पाककृती तयार झाली. पेशी-मृत्यूचा एखादा नवा प्रकार घ्या, त्याच्या जनुकांशी जुळणारे लांब आरएनए शोधा, कॉक्स आणि लॅसो या संख्याशास्त्रीय पद्धती चालवून सात-आठ निवडा, गुण काढा, मध्यावर रुग्ण दोन गटांत वाटा, जगण्याचे दोन आलेख दुभंगलेले दाखवा. २०२२च्या मार्चमध्ये तांब्याने होणाऱ्या पेशी-मृत्यूचे वर्णन प्रसिद्ध झाले. बघता बघता त्याच्याशी 'संबंधित' लांब आरएनएचे असे संच जवळपास प्रत्येक अवयवासाठी आले. २०११ मध्येच दाखवून झाले होते की स्तन-कर्करोगात यादृच्छिक निवडलेल्या शंभराहून अधिक जनुकांचे बहुतेक संचही जगण्याचा अंदाज बांधतात, कारण पेशी किती वेगाने विभागते याची सावली जनुकांच्या मोठ्या भागावर पडलेली असते. म्हणून अशा निबंधाला पहिला प्रश्न हवा: हजार यादृच्छिक संचांपेक्षा तुमचा संच किती सरस? दुसरा: गाठीत कर्कपेशी किती टक्के होत्या, रोगप्रतिकारक पेशी किती? लसिका-पेशींतला आरएनए लसिका-पेशी जास्त आल्या की वाढलेला दिसतो, कर्कपेशीने काहीही केलेले नसते.

त्यापुढे शुद्ध बनावट येते. सिडनीच्या जेनिफर बर्न आणि फ्रान्सचे सिरिल लाबे यांनी निबंधांत छापलेले प्रायमर व एसआयआरएनएचे क्रम जीनोमशी ताडून पाहणारे साधन बनवले. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने सुमारे ११,८०० निबंध चाळून चुकीचे क्रम असलेले ७१२ निबंध जाहीर केले. पुष्कळदा ज्या रेणूला दाबले म्हणून सांगितले, त्याला तो क्रम चिकटूच शकत नव्हता. हे तपासायला ब्लास्ट या क्रम ताडून पाहणाऱ्या साधनावर दोन मिनिटे लागतात. मानवी लांब आरएनए बनावटखोरांच्या सोयीचे आहेत: रेणू हजारो, बहुतेकांवर आधीचे काम नाही, म्हणून खोटे पकडणारा जाणकारही नाही. २०२३ मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशकाने आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले.

हा बनावट निबंधांचा धंदा चीनपुरता आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. चीनने २०२० मध्ये निबंधांवरची रोख बक्षिसे बंद करायला सांगितले, कारण मागणी कुठून निर्माण होते ते त्यांना कळले होते. आपल्याकडे २०१६च्या नियमाने पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापणे सक्तीचे होते. २०१८ मध्ये पुण्यातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी यूजीसीच्या मान्य यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके तपासली, तेव्हा १,००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. २०२२ मध्ये सक्ती गेली. मोजण्याची सवय गेली नाही. बढतीत, निधीत, मार्गदर्शकाच्या मान्यतेत संख्याच बघितली जाते. सक्ती गेल्याने प्रकाशनाची गुणवत्ता घसरेल, असा एक आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे: छापण्याची सवय विद्यार्थ्याला शिस्त लावते. म्हणून संख्या काढून पोकळी ठेवू नये. तिच्या जागी पडताळणी ठेवावी. दुसऱ्याने जाहीर केलेला रेणू आपल्या रुग्णांत, आधी लिहून ठेवलेल्या पद्धतीने तपासला आणि तो टिकला नाही, तर त्या कामावर पीएचडी मिळाली पाहिजे. आज मार्गदर्शक असा विषय देत नाहीत, कारण 'नवीन काय' या प्रश्नाला त्यात उत्तर नसते. उत्तर आहे: खात्री नवीन आहे.

आपल्याकडे अशा कामाला जागाही आहे. गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा कर्करोग, जिथे तंबाखूची चिमूट तासन् तास धरली जाते, तो पश्चिमेत विरळ आहे. टीसीजीएच्या माहितीत तो नीट सापडणार नाही. खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग-संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी २०१३ मध्ये त्याच्या जनुक-बदलांचा नकाशा प्रसिद्ध केला, तो भारतीय रुग्णांच्या गाठींवरून. लांब आरएनएसाठी तसेच काम करायचे तर नुसत्या डीएनएपेक्षा जास्त शिस्त लागते, कारण आरएनए भराभर तुटतो. गाठ शरीराबाहेर आल्यापासून द्रव नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये, आणि ती मिनिटे प्रत्येक कुपीवर लिहिली जावीत. शेजारचा 'निरोगी' तुकडा गाठीपासून किती सेंटिमीटरवरून घेतला याची नोंद हवी. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात जवळचे अस्तर निरोगी असेलच असे नाही. आरिन (आरएनए किती शाबूत आहे याचा गुणांक) सातच्या खालचा नमुना वेगळा ठेवावा. कर्कपेशींची टक्केवारी पॅथॉलॉजिस्टने लिहावी, अंदाजाने नव्हे, त्याच तुकड्याच्या काचपट्टीवरून. यासाठी लागते काय? शस्त्रक्रियागृहाबाहेर उभा राहणारा, पाच वर्षे टिकणारा एक तंत्रज्ञ, उणे ८० अंशांचे फ्रीझर, त्याला जनरेटर आणि दर आठवड्याचा नायट्रोजन. निधीच्या प्रस्तावात या ओळी 'शोध' वाटत नाहीत, म्हणून सीक्वेन्सिंगला पैसे मिळतात आणि नमुना मात्र एखादा निवासी डॉक्टर वेळ मिळेल तसा फॉर्मलिनमध्ये टाकतो. पुढच्या फेरीत पहिले पैसे या तंत्रज्ञाच्या पगाराला जावेत.